काडीपहिलवानाचं वर्णन

भावजी गेले त्या आठवड्यात त्यांचं झाडही मेल्याचं सोंग घेऊन बसलं होतं. ताईच्या गॅलरीत, पडद्याच्या जुन्या दांडीला सुतळीने तीन ठिकाणी बांधलेली एक करडी काडी. भेटायला आलेले एक गृहस्थ कपातला उरलेला चहा त्या कुंडीत ओतायला निघाले, आणि मी त्यांना भर दुःखात असं काही झापलं की ते चपलांचे बंद न लावताच जिना उतरले. ताई तेवढ्यातही मला म्हणाली, ‘आज तरी गप्प बस गं.’

माझा स्वभावच तसा आहे. मी वनस्पतींच्या संग्रहात काम करते. लोखंडी कपाटं, कपाटांत जाड कागद, प्रत्येक कागदावर वाळवून चिकटवलेलं एक झाड आणि खालच्या कोपऱ्यात त्याची चिठ्ठी. मी अठ्ठावीस वर्षं या झाडांची चित्रं काढते आहे. फूल उभं चिरायचं, भिंगाखाली धरायचं, केसापर्यंत मोजायचं आणि जेवढं दिसतं तेवढंच काढायचं. ऑफिसात मला माझ्या मागे फुटपट्टी म्हणतात. ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.

भावजी त्याच संग्रहाचे संग्राहक होते. डोंगर, कडे, खडकाळ माळ पालथे घालायचे आणि पाठीवरच्या पिशवीतून झाडं आणायची, हे त्यांचं काम. ताई एकदा माझी विसरलेली छत्री द्यायला ऑफिसात आली आणि परत जाताना भावजींशी बोलत बोलत गेली. त्या लग्नाचं श्रेय मी अजून घेते. त्यांना मूलबाळ झालं नाही, पण घरात कुंड्या इतक्या की पाहुण्याला बसायच्या आधी खुर्चीकडे नीट बघावं लागे.

चार हजारांवर कागदांच्या कोपऱ्यात भावजींचं नाव आहे, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत. ‘गोळा करणारा’ या शब्दांपुढे. झाडाच्या नावात मात्र ते कुठेच नाहीत. नव्या झाडाला स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही अशी आमच्या धंद्यात रीत आहे. ते दुसऱ्याने द्यायचं असतं, आणि दुसऱ्यांना अशा वेळी नेहमी विभागप्रमुखच आठवतात. भावजींना याचं काही वाटत नसे. मला वाटे, आणि ते मी त्यांना दर वर्षी ऐकवत असे.

ती काडी त्यांनी सात वर्षांपूर्वी एका खडकाळ उतारावरून आणली होती. तिथे अशी पंधरावीस झुडपं होती, दुसऱ्या झुडपांच्या खांद्यावर रेललेली. कुठल्याच पुस्तकाशी त्यांचं जुळेना. पण फूल नव्हतं, आणि फुलाशिवाय निवडुंगाची जात सांगणं म्हणजे नुसता अंदाज. म्हणून त्यांनी एक फांदी आणून घरी लावली. दोन वर्षांनी ते परत गेले तर तो उतारच जागेवर नव्हता, खाणीने खाल्ला होता. आजूबाजूचे सगळे डोंगर त्यांनी चार मोसम धुंडाळले. कुंडीतली काडी एकुलती एक ठरली.

तिचं वर्णन मला तोंडपाठ आहे. झुडूप, सडपातळ, आधाराशिवाय उभं न राहणारं. मूळ गाजरासारखं जाड. खोड बुडाशी पेन्सिलएवढं बारीक आणि वर अंगठ्याएवढं, म्हणजे आपण कल्पना करतो त्याच्या नेमकं उलट. अंगावर अकरा बोथट धारा. धारांवर अर्ध्या अर्ध्या बोटावर लोकरी ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यातून काटे. कडेचे बारा केसांसारखे, गरीब दिसणारे. मधला एक तपकिरी, तो गरीब नाही. पानं नाहीत. कोरड्या दिवसांत खोड आक्रसतं, करडं पडतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की संपलं. भावजी त्याला काडीपहिलवान म्हणायचे. रोज सकाळी त्याच्यापुढे उभे राहून, ‘काय पहिलवान, आज तरी?’ असं विचारायचे. सात वर्षं विचारलं. मग त्यांचं हृदय थकलं, आणि तीन आठवडे दवाखान्यात काढून ते गेले.

त्यानंतर सात महिन्यांनी ताईचा सकाळी सकाळी फोन आला.

‘अगं, ह्याच्या डोक्यावर केस आलेत.’

मी तशीच, न्याहारी टाकून गेले. खरंच होतं. शेंड्यावर पांढऱ्या लोकरीचं आणि तांबूस राठ केसांचं एक कडं आलं होतं, आणि त्या लोकरीत आठ गुलाबी टोकं. हा प्रकार मी वाचला होता. काही सडपातळ निवडुंग वयात आले की शेंड्यावर असं कडं करतात. फुलं फक्त त्या कड्यातच येतात. पुढच्या मोसमात खोड त्याच कड्याच्या मधून पुन्हा वर वाढतं आणि जुनं कडं मनगटातल्या कड्यासारखं मागे अंगावर राहतं. झाड किती वेळा फुललं ते नुसतं बघून मोजता येतं.

अकराव्या दिवशी सकाळी नऊला पहिली दोन फुलं उघडली. निवडुंगाच्या फुलाचा थाट तुमच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका. दोन बोटं लांबीची नळी, बाहेरून गडद गुलाबी, मेणासारखी. तोंडाशी पाकळ्या जेमतेम वळलेल्या, आत फिकट पिवळ्या. पुंकेसर नळीतून बाहेर डोकावतसुद्धा नाहीत. लाजाळू म्हणावं तर रंग असा भडक. ताई खुर्ची ओढून सकाळभर तिथे बसली होती. तिने केस विंचरले होते, साडी बदलली होती. सात महिन्यांत मी तिला पहिल्यांदा माणसात आलेली बघत होते, आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात सुरी घोळत होती.

कारण असं आहे. नव्या झाडाचं वर्णन छापायचं आणि त्याला नाव द्यायचं, तर त्याचा वाळवलेला नमुना संग्रहात ठेवावा लागतो. चित्र चालत नाही, फोटो चालत नाही. झाड जिवंत आहे, हा आमच्याकडे पुरावा धरत नाहीत. मेलेलं, दाबलेलं, क्रमांक घातलेलं हवं. या झाडाची सगळी ओळख त्या कड्यात, म्हणजे कड्यासकट वीतभर शेंडा कापायला हवा. मी ताईला हे सगळं सांगितलं आणि हेही सांगितलं की नाव भावजींचं द्यायचं, विभागप्रमुखांकडून मी तसं कबूल करून घेतलं आहे. खालचं झाड जगेल, बाजूने फुटेल, असंही म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. ताईने एक दिवस विचार केला आणि म्हणाली, काप.

सुरी मी स्पिरिटने पुसली, एका घावात शेंडा उतरवला. मग स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. निवडुंग हा हट्टी जीव. नुसता दाबला तर तो टीपकागदांच्या थरांत महिनोन्महिने मरत नाही. म्हणून आधी दोन मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवून त्याला मारायचं, मग दाबायचं. ताई दारात उभी होती. तिने विचारलं, ‘हे अजून जिवंत आहे ना?’ मी हो म्हणाले. तिने पातेल्याकडे बघितलं. मी गॅस बंद केला. ऑफिसात करीन म्हणाले.

ऑफिसात किटली दोनदा उकळली आणि दोनदा गार झाली. तिसऱ्यांदा उकळली तेव्हा मी त्या पाण्याचा चहा केला. एवढी बारीक काडी, अशीच वाळेल, असं मी स्वतःला समजावलं आणि शेंडा तसाच टीपकागदांत घालून लाकडी प्रेसचे पट्टे आवळले. हीच चूक दुसऱ्या कोणी केली असती तर मी त्याला अख्ख्या विभागासमोर सोलून काढलं असतं.

शिवाय मला घाई होती. कापल्यावर फुलाचा रंग काही तासांत उतरतो. एक फूल बाटलीत स्पिरिटमध्ये टाकलं, दुसरं चिरून मी चार दिवस चित्र काढत बसले. आयुष्यात इतकं चांगलं चित्र मी काढलेलं नाही. त्या चार दिवसांत मला ताईची आठवणसुद्धा झाली नाही.

कापल्यापासून सोळाव्या दिवशी तिचा फोन आला. मी गेले. काडीपहिलवान बुडाशी काळा पडला होता. बोट लावलं तर आत गेलं. गाजरासारखं मूळ चेंदामेंदा झालं होतं आणि वास येत होता. वर, कापलेल्या टोकावर, सुती कापडाची ओली पट्टी बांधलेली होती, जखमेला बांधतात तशी. कुंडीतली माती चिंब. मी सुरी घेऊन खालून वर कापत गेले, कुठेतरी निरोगी भाग मिळेल म्हणून. आतली नस शेवटपर्यंत तपकिरी निघाली.

मी म्हणाले, ‘ताई, तू मारलंस ह्याला.’

ती हातात फडकं घेऊन उभी होती. मी मात्र बोलतच राहिले. भावजींच्या सात वर्षांचं मातेरं केलंस, इथपर्यंत माझी मजल गेली. मग पिशवी उचलली आणि निघाले.

दुसऱ्या आणि पहिल्या मजल्यामधल्या वळणावर मला आठवलं. कापल्यानंतर जखम कोरडी ठेवायची, तीन आठवडे पाण्याचा थेंब द्यायचा नाही. शिकाऊ मुलींना मी हे पहिल्याच दिवशी घोकून घेते. ताईला मी ते सांगितलंच नव्हतं. फुलाचा रंग उतरेल म्हणून मी धावत सुटले होते. मी त्या वळणावर कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिले. वर अठरा पायऱ्या होत्या. मी खाली उतरले.

त्यानंतर साडेतीन महिने मी ताईकडे गेले नाही. फोनवर कशी आहेस, बरी आहे, एवढंच. प्रेस मी कपाटाच्या डोक्यावर ठेवून दिला होता. रोज टीपकागद बदलायचे असतात, मी बदलले नाहीत. तिकडे बघवत नव्हतं. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी आणखी तिरसट होते. त्या दिवसांत ऑफिसातल्या दोन मुलींनी बदली मागितली.

शेवटी विभागप्रमुखांनी तगादा लावला. वर्णन तयार, चित्र तयार, अंक छपाईला चाललेला, नमुन्याचा कागद कुठे आहे? मी प्रेस खाली काढला आणि पट्टे सोडले. टीपकागद मधोमध फुगला होता.

शेंड्याचं खोड चामड्यासारखं सुरकुतून चपटं झालं होतं. पण कड्याच्या मधून एक कोंब निघाला होता. वीतभर लांब, तारेएवढा बारीक, पिवळट पांढरा. दोन कागदांच्या मधल्या फटीतून तो सरळ कडेकडे गेला होता, जिथून थोडासा उजेड येत असेल तिकडे, आणि कागदाच्या काठावर त्याचं टोक वर वळलं होतं. ते टोक हिरवं होतं. चार महिने तो तिथे जिवंत होता, माझ्या डोक्यावर दीड हात.

विभागप्रमुखांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, उकळलं नव्हतं का? अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी नाही म्हणाले. आता बुडवा, आणि छपाईला देऊ या, एवढंच ते बिचारे म्हणाले. मला उत्तर द्यायचं होतं ते असं की जगातलं हे एवढंच झाड शिल्लक आहे. पण नाव द्यायचं तर कडं उकळत्या पाण्यात जायला हवं, आणि झाड ठेवायचं तर तेच कडं वाळूत रोवायला हवं. कोंब तोडून वेगळा लावता आला नसता. जी काय ओल उरली होती ती कड्याखालच्या दोन बोटं खोडात होती. दोन्ही मिळणार नव्हतं.

मी तो कोंब कड्यासकट वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दुपारच्या बसने ताईकडे गेले.

तिने दार उघडलं. गॅलरीत कुंडी अजून होती, दांडीही. मी टेबलावर वर्तमानपत्र उलगडलं. ती बराच वेळ बघत राहिली. हात लावला नाही. मी बसमध्ये जे पाठ करत आले होते ते एका दमात बोलून टाकलं.

‘तू नाही मारलंस त्याला. कापल्यावर पाणी घालायचं नसतं, हे मी तुला सांगायलाच विसरले होते. आणि विसरले, हे मला त्याच दिवशी तुझ्या जिन्यात आठवलं. तरी मी वर आले नाही.’

ताई खुर्चीत बसली. म्हणाली, ‘मला माहीत होतं.’

‘काय माहीत होतं?’

‘पाणी घालायचं नाही ते. सव्वीस वर्षं त्यांच्याबरोबर काढली मी. एवढं कळतं मला.’

ती टेबलावरच्या कोंबाकडे बघतच बोलत होती. भावजींच्या शेवटच्या चार दिवसांबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. फुप्फुसांत पाणी साठत होतं, म्हणून डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. दिवसभरात एक छोटं भांडं, बस. ओठांना ओला कापूस लावायचा. भावजी मागत राहिले. आधी गमतीने, मग हट्टाने, मग नुसतं बघून. शेजारच्या पलंगावरचा माणूस पाणी प्यायला लागला की ते मान वळवून त्याच्या गळ्याकडे बघायचे. ताई प्रत्येक वेळी नाही म्हणाली. डॉक्टर म्हणाले, तुम्ही अगदी नीट केलंत सगळं.

‘मग हे कापल्यावर सुकायला लागलं,’ ती म्हणाली. ‘सुरकुत्या पडल्या. मला कळत होतं गं. पण मला परत “नाही” म्हणवेना.’

मला रडू आलं. रडण्यात मी काही तरबेज नाही, नाक आधी वाहतं. ताईने पदराने माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, आणि ते मला आणखीच सोसवेना. मी तिला म्हणाले की हा कोंब तू ठेव, नावाचं बघू पुढे कधीतरी. तिने मान हलवली.

‘तू ने. तुला “नाही” म्हणता येतं.’

मी नेला. माझ्या खोलीच्या पूर्वेच्या खिडकीत कोरड्या वाळूत कडं टेकवलं, कोंबाला काडीचा आधार दिला. विभागप्रमुखांना सांगितलं की नमुना नाही, वर्णन अंकातून काढा. त्यांनी काढलं. पुढच्या महिन्यात माझी निवृत्ती, म्हणजे भावजींच्या नावासाठी भांडणारं तिथे कोणी उरणार नव्हतं. मला ते फार लागलं. पण खिडकीतला कोंब आठवड्याने थोडा हिरवा झाला आणि मी मनाशी हिशेब करायला लागले, हा फुलेल तेव्हा, म्हणजे सात वर्षांनी, माझं वय काय, ताईचं काय.

ताईचा फोन रोज संध्याकाळी सहाला येऊ लागला. इकडचं तिकडचं काही नाही. ‘पाणी दिलंस?’ मी म्हणायची, नाही. ती म्हणायची, बरं. आणि ठेवून द्यायची. त्या एका ‘बरं’साठी मी पावणेसहापासून फोनजवळ बसत असे.

एकोणिसाव्या दिवशी कोंबाचं टोक तपकिरी झालं. कुजलं नव्हतं, वास नव्हता. वरून खाली नुसता वाळत आला, रोज तीन बोटं. बाविसाव्या दिवशी कड्यापर्यंत पोचला. मी कडं उचलून पाहिलं. एकही मूळ फुटलं नव्हतं. एखादा चमचा पाणी दिलं असतं तर जगला असता का? अठ्ठावीस वर्षं झाडांमध्ये काढून मला ते सांगता येत नाही. त्याच्या शेजारी माझी पाण्याची बाटली असायची, आणि मी रोज तिच्यातून प्यायले.

आता तो उत्तम नमुना होता. कडक वाळलेला, कडं शाबूत, एक काटा हललेला नाही. मी त्याला कागदावर पट्ट्यांनी बसवलं, कोंबासकट. नियमाप्रमाणे तो कापून टाकायला हवा, कारण उजेडात वाढलेलं झाड तसं नसतं. मी नाही कापला. चिठ्ठी लिहिली, गोळा करणाऱ्याचं नाव लिहिलं, झाडाच्या नावाची जागा रिकामी ठेवली. कागद संग्रहात द्यायचा तर झाड मेलं हे ताईला कळणार. म्हणून तो मी ऑफिसातल्या माझ्या खणात ठेवला आणि सहा वाजता घरी फोनजवळ बसले.

‘पाणी दिलंस?’

‘नाही.’

‘बरं.’

असे पाच दिवस गेले. खोटं मी एकदाही बोलले नाही, आणि त्याने मला काही बरं वाटलं नाही. सहाव्या दिवशी ‘बरं’ आलं नाही. ताईने विचारलं, ‘मागतं का गं?’

मी म्हणाले, ‘नाही. आता मागत नाही.’

पलीकडे ती खुर्चीत बसल्याचा आवाज आला. दोघींपैकी कोणी फोन ठेवला नाही.

‘मग आता दे त्यांचं नाव,’ ताई म्हणाली.